टिचकी न मारलेला आकडा

काट्याच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा आमच्या कारखान्यातला नियम होता. तो कुठल्या पाटीवर लिहिलेला नव्हता. १९७८ साली मी तिथल्या प्रयोगशाळेत लागले, तेव्हा थोरल्या शेटनी पहिल्याच दिवशी मला टाकीपाशी नेलं आणि तापमानाच्या डायलवर नखाने टक् केलं. काटा एकदम दोन अंश वर सरकला.

"बघितलंत, विमलाबाई? अडकून बसला होता. अडकलेला काटा मघाचं सांगत असतो. आपल्याला आत्ताचं हवंय."

तेव्हा डोंबिवलीच्या मानपाड्याला कारखान्याच्या मागच्या भिंतीपर्यंत भातखाचरं होती. आश्विनात खिडकी उघडली की एका बाजूने तयार भाताचा वास यायचा आणि दुसऱ्या बाजूने आमच्या ॲसिडचा. खाचरं गेली, इमारती आल्या, पण टाकी त्याच जागी राहिली. आमच्याकडे कापडाचे रंग बनतात. त्यातलं एक काम डायझोचं. टाकीत बर्फ टाकून माल पाच अंशांच्या खाली ठेवायचा आणि वरून नायट्राइटचं पाणी बारीक धारेने सोडत राहायचं. पाचच्या खाली सगळं शहाण्यासारखं वागतं. दहाच्या वर गेलं की फेस धरतो, टाकीच्या तोंडातून तांबूस धूर निघतो. त्याच्याही पुढे गेलं तर काय होतं, ते डोंबिवलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे लांब कुठे काही धडाडलं तरी बायका आधी खिडकीच्या काचांकडे बघतात.

अडतीस वर्षं मी त्या काचेवर टिचक्या मारल्या. एकदाच मारली नाही. ते पुढे सांगते.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर थोरल्या शेटचा मुलगा मितेश घरी आला. आता कारखाना तोच बघतो. अर्ध्या चड्डीत प्रयोगशाळेत येऊन लिटमसचे कागद पळवणारा हा मुलगा पन्नाशीला टेकला, तरी मला 'बाई'च म्हणतो.

"बाई, टाकीचं सगळं कॉम्प्युटरवर आणतोय. प्रोग्रॅम लिहायला एक मुलगी येणार आहे. हुशार आहे, पण जन्मात टाकी बघितलेली नाही. तीन आठवडे या आणि तिला फक्त सांगा, काय कुठे दिसायला हवं."

ती मुलगी म्हणजे कल्पिता. नौपाड्याची, सव्वीस वर्षांची, केसांचा अंबाडा आणि त्यात पेन खुपसलेलं. पहिल्या दिवशी मला मॅडम म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातल्या अळूवड्या खाल्ल्या आणि मावशी म्हणायला लागली. टाकीच्या शेडमध्ये खाली एक काचेची केबिन आहे, तिथे आम्ही दोघी बसायचो. तिचा प्रोग्रॅम डब्ल्यूपीएफमध्ये होता. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर खिडक्या, बटणं, रकाने असलेले प्रोग्रॅम बनवायचं ते साधन. मला त्यातलं काही येत नव्हतं, पण ती इतकं मोठ्याने विचार करायची की ऐकून ऐकून कळायला लागलं.

पहिल्या आठवड्यात स्क्रीन गोठायची. आकडा आला की तीन-चार सेकंद काहीच हलायचं नाही, बटण दाबलं तरी ढिम्म. टाकीवर काम करणारा महेंद्र केबिनच्या दारात येऊन उभा राहायचा.

"बाई, टीव्ही गोठला. बर्फ टाकीत टाकाचा होता, हिने याच्यात टाकला काय?"

"महेंद्रदादा, जरा गप बसा ना. विचार करतेय."

"कर, कर. बर्फ वितळेपर्यंत टाइम हाय."

मग तिने मला समजावलं. "मावशी, समजा पोस्टात एकच खिडकी आहे आणि आत एकच कारकून. स्क्रीनवरचं सगळं तोच करतो. आकडा दाखवणं, बटणाला उत्तर देणं, सगळं. मी त्यालाच टाकीवर आकडा आणायला पाठवत होते. तो तिकडे सेन्सरच्या उत्तराची वाट बघत उभा, इकडे खिडकी ओस."

"मग आकडा आणायला वेगळा गडी ठेव."

"तेच करतेय."

गडी ठेवला. तर त्याने दुसऱ्याच दिवशी आणलेला आकडा स्वतःच खिडकीत लावायला घेतला आणि अख्खा प्रोग्रॅम बंद पडला. डब्ल्यूपीएफचा कायदाच तसा आहे म्हणे. स्क्रीनला हात लावायचा तो फक्त त्या एका कारकुनाने. बाकी कुणी काही आणलं तर त्याच्याकडे चिठ्ठी सरकवायची आणि बाजूला व्हायचं. मला हे पटलं. आमच्या प्रयोगशाळेतही रजिस्टरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

चिठ्ठीचं जमलं. तरी प्रोग्रॅम अधूनमधून बंद पडायचाच. सेन्सरकडून कधी आकड्याच्या जागी काहीतरी कचरा यायचा, गडी अडखळायचा आणि त्याच्याबरोबर सगळंच कोसळायचं. स्क्रीन काळी. एकदा तशी झाली तेव्हा महेंद्र वर, टाकीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीच्या चौथऱ्यावर होता आणि त्याच्यापुढच्या छोट्या स्क्रीनवरही अंधार झाला. तो चौदा पायऱ्या दोन उड्यांत उतरला.

तेव्हा मी कल्पिताला जे म्हटलं, ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "हे बघ, काहीही होवो, वरच्या माणसासमोरचा आकडा पुसला जाता कामा नये. तो घाबरला की हात चुकतो. आकडा दिसत राहिला पाहिजे."

"काहीही झालं तरी?"

"काहीही."

"डन. चूक आली की गिळून टाकते. आता बंद पडणार नाही." आणि स्क्रीन गोठली तर लगेच कळावं म्हणून तिने कोपऱ्यात सेकंदांसकट पळणारं घड्याळ बसवलं. घड्याळ चालतंय तोवर स्क्रीन जिवंत. हे तिने सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. महेंद्र येता-जाता म्हणायचा, "घड्याल चालतंय, आपुन जिते हाव."

जुना डायल मात्र गेला. टाकीला तापमानासाठी एकच भोक, त्यातच नवा सेन्सर बसवावा लागला. काढलेला डायल मी पुसून माझ्या जुन्या टेबलाच्या खणात ठेवला. मितेश हसला. "बाई, घरी न्या हवं तर."

महेंद्रबद्दल थोडं सांगायला हवं. तो मानपाड्याचाच, मूळचा इथल्या शेतकरी घरातला. त्याचे वडील सीताराम आमच्याकडे टाकीवर होते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा तापाने फणफणला होता आणि मला चार वाजता सुटायची घाई होती. टाकीपर्यंत गेले नाही. शेडच्या दारातूनच डायल बघितला. चार. रजिस्टरमध्ये चार लिहिलं, सीतारामला हात केला की सोड धार, आणि रिक्षा गाठली. काटा अडकलेला होता. सीतारामला तांबूस धुराने धरलं. जीव वाचला, छाती गेली. चौथरा सुटला, गेटवर स्टुलावर बसवलं. गेटपासून कँटीनपर्यंत तीन पायऱ्या, दुसरीवर थांबून श्वास घ्यायचा आणि मी दिसले की उठून उभा राहायचा. चौकशीत आलं 'डायल नादुरुस्त'. टिचकी मारली होती का, असं मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सीताराम २००९ मध्ये गेला. महेंद्र त्याच चौथऱ्यावर उभा राहायला लागला.

नव्या स्क्रीनवरची पहिली खरी बॅच गुरुवारी होती. त्याआधीच्या सगळ्या चाचण्या साध्या पाण्यावर झालेल्या. सकाळी शहाडहून बर्फाचा टेम्पो आला, मोठ्या लाद्या फोडून उचलता येतील एवढ्या छोट्या लाद्या चौथऱ्यावर चढवल्या. दुपारी दोनला महेंद्रने तोंडाला मास्क लावला, कानात बोळे घातले आणि नायट्राइटचा कॉक हातात धरला. टाकी ढवळणाऱ्या मोटरचा खडखडाट एवढा, की कानात बोळे घातलेल्याला खालची हाक ऐकू येत नाही. नव्या नियमाप्रमाणे टाकीचं झाकण बंद. म्हणजे महेंद्रला आतलं दिसणार नाही, मास्कमुळे वास येणार नाही. त्याच्याकडे होता फक्त समोरच्या छोट्या स्क्रीनवरचा आकडा. आकडा पाचच्या खाली, तर धार चालू.

केबिनमध्ये मी, कल्पिता आणि मितेश. माझ्यापुढे वही. कुणी सांगितलं नव्हतं, पण सवयीने मी दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होते.

२.१०, २.६.
२.१५, ३.०.
२.२०, २.८.
२.२५, ३.१.

मितेश खुशीत होता. "बघा बाई, दशांशापर्यंत. तुमच्या डायलवर दिसायचं का?"

"नाही रे. आम्ही अर्ध्या अंशावर संसार केला."

२.३०, ३.१.
२.३५, ३.१.

तिसरा आकडा लिहिताना माझं पेन थांबलं. आधी कळेना का. मी मागच्या ओळी बघितल्या. बर्फाची टाकी कधीच एका जागी बसत नाही. लादी पडली की उतरते, धार वाढली की चढते. काटा सतत थोडा थोडा थरथरत असतो. अडतीस वर्षांत ओळीने तीन वेळा एकच आकडा मी फक्त सुट्टीच्या दिवशी लिहिलाय, टाकी रिकामी असताना.

"कल्पिता, हा आकडा हलत का नाही?"

तिने मान वर केली. "स्टेबल झालं असेल, मावशी. चांगलंच आहे की."

"दहा मिनिटं झाली."

"पण घड्याळ बघा ना, पळतंय." तिने माउस फिरवला, एक खिडकी उघडून मिटली. "सगळं चालू आहे. गोठलं असतं तर हे झालंच नसतं."

घड्याळ खरंच पळत होतं. २.३६.१२, १३, १४. आणि त्याच्या शेजारी ३.१, हिरव्या रंगात, सुवाच्य. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी स्क्रीनवरच्या त्या आकड्यावर नखाने टक् केलं.

मितेश मोठ्याने हसला. "अहो बाई, तो एलसीडी आहे!"

कल्पिता हसली नाही. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

"मितेश, धार थांबव," मी म्हटलं.

"का?"

"हा आकडा मघाचा आहे."

"बाई, मध्येच धार तोडली तर रंग फिका येतो, हे तुम्हीच शिकवलंय. पहिलीच बॅच आहे. घड्याळ चालू, बटणं चालू, लाल काही नाही. नुसतं तुम्हाला वाटतंय म्हणून..."

"एक मिनिट," कल्पिता म्हणाली. तिने केसांतलं पेन काढून टेबलावर ठेवलं. एकदम हळू बोलायला लागली, जणू स्वतःलाच वाचून दाखवत होती. "घड्याळ कारकून चालवतो. बटणंही कारकूनच. आकडा गडी आणतो, टाकीपर्यंत फेऱ्या मारून. गड्याला कचरा मिळाला, तो अडखळला... चूक मी गिळतेय. पण कुठे गिळतेय? एका फेरीच्या आत की सगळ्या फेऱ्यांच्या बाहेर?" तिने प्रोग्रॅमची ती ओळ उघडली. मी तिचा चेहरा बघत होते. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. "बाहेर. मावशी, मी बाहेर लिहिलंय. म्हणजे एकदा चूक आली की गडी घरी जातो. परत येतच नाही. आणि कुणाला सांगतही नाही."

"कधी गेला?"

"माहीत नाही. आपल्याला कळूच नये, असंच लिहिलंय मी."

मीच लिहायला सांगितलं होतं. ते बोलायला वेळ नव्हता. शेवटचा खरा आकडा २.२५ चा धरला, तरी बारा मिनिटं महेंद्र वरून न बघता धार सोडत होता.

कल्पिता दार उघडून जिन्याकडे पळाली. माझे गुडघे असे की चौदा पायऱ्या चढेपर्यंत पाच मिनिटं जातील. केबिनच्या बाहेर भिंतीलगत नायट्राइटचा लोखंडी पाइप खालून वर जातो, थेट महेंद्रच्या हातातल्या कॉकपर्यंत. जुन्या काळी फोन नव्हते, तेव्हाची आमची एक खूण होती. खालून पाइपवर तीन ठोके म्हणजे काही न विचारता बंद कर. ती खूण वापरून वीस वर्षं झाली असतील. महेंद्र लागला तेव्हा इंटरकॉम आलेला होता; पण त्याची घंटा बोळ्यांतून ऐकू गेली नसती, पाइपचा ठोका मात्र हातातल्या कॉकला जाणवतो. त्याला ती खूण माहीत असेल का, हे मला ठाऊक नव्हतं. पाना कोपऱ्यात पडलेला होता. तो उचलला आणि घातले. एक. दोन. तीन.

मी वर बघितलं. जाळीतून फक्त त्याचे गमबूट दिसत होते. हलले नाहीत. परत घातले. एक. दोन. तिसरा एवढ्या जोरात की मनगटात कळ आली.

गमबूट वळले. पाइपमधली धारेची सळसळ थांबली. जाळीवरून खाली वाकलेलं मास्कमधलं तोंड दिसलं, आणि त्याच वेळी कल्पिता वर पोचून हातवारे करत होती. त्याने कानांतले बोळे उपसले.

टाकीच्या बुडाशी नमुना काढायचा नळ आहे. माझ्या खणात जुना काचेचा थर्मामीटर होता, डायलच्या शेजारीच. मितेशने तो धावत आणला. आता तो हसत नव्हता. मी बीकरमध्ये नमुना घेतला, थर्मामीटर बुडवला. पारा चढत राहिला. पाच गेलं. आठ गेलं.

"साडेअकरा," मी म्हटलं.

मितेशने भोंगा दाबला. शेडमधली बाकीची माणसं गेटकडे पळायला लागली. वर झाकणाच्या कडेतून धुराची एक तांबूस रेघ निघाली, अगदी बारीक, उदबत्तीसारखी. मी ती रेघ अडतीस वर्षांपूर्वी बघितली नव्हती, कारण मी रिक्षात होते. पण मला ती ओळखू आली.

"कल्पिता, खाली ये! गेटबाहेर जा!"

ती खाली आली. गेटबाहेर गेली नाही. माझ्याजवळ उभी राहिली, वही हातात घेतली आणि म्हणाली, "तुम्ही वाचा, मी लिहिते."

"महेंद्र, उतर!"

मास्कच्या आतून काहीतरी आलं. त्याने झाकणाचं छोटं दार उघडलं होतं आणि बर्फ आत ढकलत होता. धुराची रेघ जाड झाली. त्याने तोंड फिरवलं, पुन्हा लादी उचलली.

"उतर म्हणते ना!"

"चार लाद्या, बाई! चारच!" हे ऐकू आलं, कारण त्याने मास्क क्षणभर वर केला होता. तेवढ्यानेही त्याला ठसका लागला. मी तो ठसका ओळखते. त्याच्या बापाचा होता.

मी दुसरा नमुना घेतला. बारा. कल्पिताने लिहिलं. वर एक लादी पडल्याचा आवाज. तिसरा नमुना. साडेबारा. दुसरी लादी. टाकीच्या आतून फेसाचा आवाज येऊ लागला, दूध वर येताना येतो तसा, पण जड. मितेश जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होता, चढू की नको अशा बेतात. मी त्याला हाताने मागे ओढलं. वर दोन माणसं असायची गरज नव्हती. एक होता तोच मला जास्त झाला होता.

चौथा नमुना. पारा साडेबारावर आला आणि थांबला.

मी थर्मामीटरच्या काचेवर टिचकी मारली. पाऱ्याच्या थर्मामीटरवर टिचकीचा काही उपयोग नसतो, हे मला माहीत आहे. तरी मारली.

साडेबाराच.

"लिहू?" कल्पिताने विचारलं.

"थांब."

तिसरी लादी. चौथी. पारा रेषेवर थरथरला आणि हळूच खाली सरकला. बारा. मग अकरा. फेसाचा आवाज बसत गेला. महेंद्रने छोटं दार लावलं आणि जिना उतरायला लागला. एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी. मी पायऱ्या मोजत होते. तो मध्ये कुठे थांबतो का, ते बघत होते. नवव्या पायरीवर थांबला. त्याने मास्क काढला, पायरीवर ठेवला आणि उरलेल्या पायऱ्या झपझप उतरला.

"बाई," खाली आल्यावर तो म्हणाला, "पहिल्या तीन ठोक्यांना वाटला पाइप वाजतंय. परत आले तवा कललं."

"तुला कुणी शिकवलं?"

"बाबांनी. बारीक होतो तवा. ताटावर ठोकून दाखवाचे. तीन वाजले का घास सोराचा, नायतर कानाखाली."

कंपनीच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. सकाळपर्यंत छाती स्वच्छच राहिली. बॅच गेली, तिचा रंग चिखलासारखा झाला. मितेशने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सेन्सरची वायर तपासली तेव्हा तिच्या जोडात बर्फाचं पाणी शिरलेलं सापडलं. एवढंच. एक थेंब, एक कचऱ्याचा आकडा, आणि गडी घरी.

शुक्रवारी दिवसभर कल्पिता स्क्रीनसमोर बसून होती. डबा उघडला तरी उठली नाही. शेवटी मीच तिच्यापुढे झाकण ठेवलं.

"मावशी, मी माणूस मारला असता."

"तू लिहिलंस. सांगितलं मी. आकडा पुसायचा नाही, असं मीच म्हटलं होतं."

"तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही. मला येतं."

"मला टाकी येते," मी म्हटलं. "अडकलेला काटा काय करतो, ते मला बाविसाव्या वर्षी शिकवलं होतं. तरी तुझ्याकडून मी अडकणाराच काटा बनवून घेतला. खा आता."

तिने खाल्लं. मग कामाला लागली. चूक गिळणं बंद. गडी अडखळला तर तेवढी फेरी सोडून पुढच्या फेरीला निघतो आणि अडखळल्याचं कारकुनाला कळवतो. आकड्याखाली आता बारीक अक्षरात तो किती सेकंदांपूर्वीचा आहे ते दिसतं. पाच सेकंद नवा आकडा आला नाही तर आधीचा राखाडी होतो. दहा झाले तर पुसला जातो, तिथे नुसती आडवी रेघ येते आणि वर भोंगा वाजतो. कोपऱ्यातलं घड्याळ तिने काढून टाकलं. मितेशने टाकीला दुसरं भोक पाडून घेतलं आणि माझ्या खणातला जुना डायल तिथे बसवला.

सोमवारी साध्या पाण्यावर चाचणी होती. महेंद्र कामावर आला होता. तिने सगळ्यांसमोर सेन्सरची वायर उपटली. आकडा राखाडी झाला, मग गेला. रेघ. भोंगा.

"आता वरच्या माणसाला भीती नाही का वाटणार?" तिने मला विचारलं.

उत्तर महेंद्रने दिलं. "वाटू दे ना. वाटाचीच हाय."

वायर जोडल्यावर ती म्हणाली, "मावशी, अजून एक केलंय. आकड्यावर क्लिक करा."

मी केलं. आकडा क्षणभर नाहीसा झाला आणि परत आला. गडी माझ्या सांगण्यावरून खास टाकीपर्यंत जाऊन आला होता. २७.४. पुन्हा केलं. २७.५.

"तुमची टिचकी," ती म्हणाली आणि अंबाड्यात पेन खुपसायला लागली.

दुपारी मी महेंद्रला प्रयोगशाळेत बोलावलं. जुनी रजिस्टरं अजून त्याच लोखंडी कपाटात आहेत. १९८७ चं काढलं, ऑगस्टचं पान उघडलं. माझं तरुणपणीचं अक्षर, तिरकं आणि घाईचं. दुपारी ३.५०, टाकी, ४.

"हा आकडा मी दारातून लिहिला," मी म्हटलं. "टाकीपर्यंत गेलेच नव्हते. टिचकी मारली नव्हती. तुझ्या बाबांना मीच धार सोडायला सांगितली."

त्याने त्या चारवर बोट ठेवलं.

"मना ठाव हाय," तो म्हणाला. "बाबा बोललेले. काटा चारवर होता, त्यांनी पन बघितलेला. त्यांनी पन टिचकी नाय मारलेली."

बावीस वर्षं सीताराम मला बघून स्टुलावरून उठायचा.

"तरी माझं सांगायचं राहिलं होतं," मी म्हटलं.

"हां. ते राह्यला होता." त्याने पान माझ्याकडे सरकवलं. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. "लिवा मग. रजिस्टर तुमचा हाय. दुसऱ्याने हात लावाचा नाय."

मी पेन घेतलं. त्या चारच्या पुढे, समासात, आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष वाचलेला नाही.' खाली सही केली. मग गुरुवारची वही उघडली आणि २.३० व २.३५ च्या दोन ओळींपुढेही तेच लिहिलं.

महेंद्र दारात थांबला होता. "बाई, उद्या दोन वाजता खरी बॅच हाय. येताव ना?"

"येते," मी म्हटलं. "डायल वर किती उंचीवर बसवलाय? माझा हात पोचायला हवा."